आईला पाण्याचा ठसका लागतो, भाकरी मात्र जाते. हे कशामुळे?

चिंचपोकळीची_लेक
आई सत्तरीपुढची आहे. काही महिन्यांपासून पाणी, चहा, ताक, सोलकढी, काहीही पातळ प्यायली की ठसका लागतो. भाकरी-भाजी मात्र नीट खाते, वेळ जरा जास्त लागतो एवढंच. घशात अडचण असेल तर आधी घट्ट अडकेल आणि पाणी सरळ जाईल असं मी धरून चालले होते. इथे सगळं उलटंच.

पोटाच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं. रिपोर्ट नॉर्मल. पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि "वय झालं की होतं" म्हणाले. आता आईने पाणीच कमी केलंय. जेवून उठली की आवाज ओला येतो, घशात काहीतरी साचल्यासारखा. कुणाच्या घरी असं झालंय का? मुंबईत दाखवायचं कुणाला? पोटाचे डॉक्टर, नाक-कान-घसा की आणखी कुणी?

बंडू_गिरगावकर
आमच्या आजीच्या मते ठसका म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय. तुमच्या आईंचा गोतावळा मोठा दिसतो.
गंमत सोडा. ठसका लागला की "वर बघ, वर बघ" करून टाळूवर थापट्या मारायचा आमच्याकडे रिवाज आहे. त्याने काही होतं का?

शिवडी_नाका
वर बघण्याला +१. आमच्याकडे वर छताला चिमणी असायची. मोठं होईपर्यंत मी ती शोधत होतो.

निवृत्त_घसेवाला
नाक-कान-घसा हाच माझा विषय होता, आता दवाखाना बंद केलाय. धाग्यावर निदान करणार नाही, पण काय चाललं असेल ते सांगतो.

आधी ते 'वर बघ' थांबवा. मान मागे टाकली की श्वासनलिकेचा रस्ता आणखी मोकळा होतो आणि तोंडातलं पाणी आपल्या वजनाने मागे धावतं. अशा बऱ्याच पेशंटना आम्ही उलट हनुवटी छातीकडे घेऊन गिळायला सांगतो. तेही सगळ्यांना लागू पडत नाही, तपासणीत बघून ठरवायचं असतं.

आता मूळ प्रश्न. घास किंवा घोट जिभेने मागे ढकलला की पुढचं सगळं साधारण एका सेकंदात उरकतं. टाळूचा मागचा मऊ भाग उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं. स्वरतंतू मिटतात, त्यांच्यावर झाकण येतं, श्वास थांबतो. मग घशाचे स्नायू वरून खाली पिळत घास पुढे रेटतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी क्रिकोफॅरिंजियस नावाचा स्नायू असतो. तो दिवा स्टेशनाजवळच्या रेल्वे फाटकासारखा, एरवी बंद आणि घास आला की क्षणभर उघडणारा. त्याने सैल पडणं पुरेसं नाही. हनुवटीखालचे स्नायू स्वरयंत्र वर ओढतात, तेव्हा ते फाटक खेचून उघडलं जातं. ते स्नायू दुबळे झाले तरी वाट अरुंदच राहते.

पाणी पातळ आणि पळणारं. झाकण लागायला अर्धा क्षण उशीर झाला तर ते आधीच खाली पोचलेलं असतं. भाकरीचा घास सावकाश येतो, जीभ-घशाला सावरायला वेळ मिळतो. म्हणून पातळाने ठसका आणि घट्ट त्यामानाने बरं, असं असेल तर बहुतेक वेळा दोष घशाच्या स्नायूंत किंवा त्यांना हुकूम देणाऱ्या नसा-मेंदूत असतो. याउलट आधी भाकरी अडकू लागली, मग भात, मग पेज, असं चढत गेलं तर वाटेत काही वाढतंय का ते तातडीने बघावं लागतं. वजन उतरणं, आवाज बसणं, एका कानात कळ, थुंकीत रक्त, यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

पोटाची दुर्बीण नॉर्मल आली म्हणजे अन्ननलिका आतून स्वच्छ आहे. घसा गिळतो कसा हे त्या तपासणीत कळत नाही. दुर्बीण तिथून भर्रकन पुढे जाते, आणि पेशंटला बहुतेकदा गुंगी दिलेली असते.

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
घसेवाले काका, दिव्याचं फाटक आणि 'एरवी बंद'? तिथे फाटक उघडं म्हणून लोकल सिग्नलला ताटकळते. रोजच्या प्रवाशाला विचारा.

निवृत्त_घसेवाला
मान्य. मग रोहा लाइनचं कुठलंही फाटक घ्या.

मुलुंड_पूर्व
बाबांना पार्किन्सन्स (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार) आहे, म्हणून लिहिते. त्यांच्या बाबतीत ठसक्यापेक्षा ठसका *न* लागणं जास्त धोक्याचं निघालं. पाणी श्वासनलिकेत जात होतं आणि खोकला येतच नव्हता. सारखा ताप, छातीत कफ, दोनदा न्यूमोनिया. आम्हाला वाटायचं पावसाळी हवा बाधते. शेवटी एका स्पीच थेरपिस्ट बाईंनी जेवताना समोर बसून बघितलं आणि पहिल्या वाटीतच ओळखलं.

लेकी, गिळण्याचं काम स्पीच थेरपिस्ट बघतात. हे आम्हालाही माहीत नव्हतं, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे कशाला जायचं असंच वाटलेलं. तपासण्या मुख्यतः दोन. एकीत बेरियम मिसळलेलं पाणी, दही, बिस्किट असं खायला देतात आणि गिळतानाचा एक्स-रेचा चालता व्हिडिओ घेतात. दुसरी 'फीस', म्हणजे नाकातून बारीक दुर्बीण घशाच्या वर धरून ठेवायची आणि रंग घातलेले घास गिळायला लावायचे. ती बसल्या जागी होते, गुंगी नाही, किरण नाहीत. बाबांची हीच झाली. हिरवं दही स्वरतंतूंच्या खाली उतरलेलं पडद्यावर स्पष्ट दिसलं आणि बाबा निवांत बसलेले.

एक विचारू? आईंचं अक्षर बारीक झालंय का? चालताना एक हात कमी हलतो का? पार्किन्सन्समध्ये असं होतं, म्हणून विचारते.

चिंचपोकळीची_लेक
@मुलुंड_पूर्व, अक्षराचं सांगता येत नाही, आई लिहीतच नाही फारसं. पण यंदा मोदकाच्या कळ्या पाडायला तिला फार वेळ लागला आणि शेवटी वहिनीने केल्या. आम्ही सांधेदुखी समजलो.

ज्येष्ठमध_जिंदाबाद
एवढ्या तपासण्यांचा फापटपसारा कशाला? ज्येष्ठमधाची काडी चघळा, कोमट पाण्यात मध घ्या. घसा मोकळा होतो. आमच्या घरात कुणाला कधी दुर्बीण लागली नाही.

मुलुंड_पूर्व
ज्यांना पाणीच श्वासनलिकेत जातंय त्यांना तुम्ही कोमट पाणी सुचवताय, दादा.

तारापोरवाला_मत्स्यालय
माझा अनुभव जरा वेगळा. तारलीचा काटा अडकला होता. आईने सुक्या भाताचा मोठा गोळा न चावता गिळायला लावला, मग केळं. काटा गेला, पण घसा आठवडाभर दुखत होता. हेही स्नायूंचंच का?

निवृत्त_घसेवाला
नाही, ते काट्याचं. भाताचा गोळा किंवा केळं कृपा करून नको. काटा सुटण्याऐवजी आणखी खोल रुततो, कधी आतला भाग फाटतो. सरळ घशाच्या डॉक्टरकडे जा, टॉर्च आणि चिमट्याचं काम असतं बहुतेक वेळा.

आणि जोडीला हेही. घास अडकून माणूस बोलू-खोकू शकत नसेल तर पाणी पाजू नका. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा द्या. नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीने आत-वर असे पाच झटके. हेच आलटून पालटून, आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा. खोकता येत असेल तर मात्र खोकू द्या. मधे मधे पाठीत गुद्दे घालू नका.

पार्ले_टिळक_मंदिर_रोड
माझ्या घशात कायम गोळा असतो. पण वडापाव खाताना गोळा गायब, रिकामा आवंढा गिळला की परत हजर. मलाही हाच आजार का? रात्रभर गूगल करून घाम फुटलाय.

निवृत्त_घसेवाला
खाताना जातो आणि रिकामं गिळताना जाणवतो, हे सहसा निरुपद्रवी असतं. ताण, पित्त, सारखं खाकरणं, यांनी वाढतं. एकदा घसा तपासून घ्या आणि मग गूगल बंद करा. सारखा आवंढा गिळून बघणंही बंद. वडापाव चालू ठेवायला हरकत नाही, माफक.

ढेकर_हरवला
अवांतर आहे, पण याच फाटकाचं दुसरं टोक सांगतो. मला जन्मात ढेकर आलेला नाही. हसू नका. सोडा प्यायलो की छातीत फुगा, गळ्यातून बेडूक डरकावल्यासारखे आवाज, मीटिंगमध्ये सगळे वळून बघतात. सासुरवाडीला पुरणपोळी चापून ढेकर दिला नाही म्हणून सासूबाईंनी दोन वेळा विचारलं, "आवडलं नाही का जावईबापूंना?"

वर्षानुवर्षं गॅसेसच्या गोळ्या घेतल्या. मग कळलं की हाच क्रिकोफॅरिंजियस खालून येणाऱ्या हवेसाठी सैलच पडत नाही, गिळताना मात्र नीट उघडतो. रॉबर्ट बास्टियन या अमेरिकन डॉक्टरांनी २०१९ साली ५१ पेशंटवर लेख लिहिला, तेव्हा कुठे या त्रासाला रीतसर नाव मिळालं. उपाय म्हणजे त्या स्नायूला सैल पाडणारं बोटॉक्सचं इंजेक्शन. माझ्या डॉक्टरांना मीच तो लेख वाचायला दिला, त्यांनी वाचला हे त्यांचं मोठेपण.

बंडू_गिरगावकर
बोटॉक्स घेतलंत का? जावईबापू सुरकुत्या घालवायला गेले असं सासूबाई समजतील.

ढेकर_हरवला
तारीख मिळाली आहे. पहिला ढेकर इथे ध्वनिमुद्रित करून टाकेन.

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
नको!

सातच्या_आत_घरात
मी बेचाळीस वर्षांची आहे, म्हणून 'वय झालं' म्हणणाऱ्यांसाठी लिहिते. माझं सकाळी सगळं ठीक असायचं. संध्याकाळी मात्र जेवता जेवता जबडा दमायचा, अर्धी पोळी चावून हात टेकायचे. शेवटचे घास घशात रेंगाळायचे, कधी चहा नाकातून यायचा. बोलणं गेंगाणं व्हायचं. नवरा म्हणायचा फोनवर कमी बोल. मग एक पापणी खाली उतरू लागली तेव्हा एका न्यूरॉलॉजिस्टने रक्तातली अँटिबॉडी तपासली. मायस्थेनिया ग्रेव्हिस. नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, वापराल तितका स्नायू थकतो, विश्रांती दिली की सावरतो.

आता पायरिडोस्टिग्मिनची गोळी जेवणाआधी पाऊण तास घेते आणि गोळीच्या जोरावर जेवते. मोठं जेवण दुपारी, रात्री मऊभात. मुद्दा हा की दिवस कलला की त्रास वाढतो का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही, कारण ओपीडी सकाळी असते.

निवृत्त_घसेवाला
अतिशय महत्त्वाचा प्रतिसाद. यात भर एवढीच की मायस्थेनियात काही अँटिबायोटिक्सनी त्रास एकदम वाढतो, तेव्हा कुठल्याही डॉक्टरला आधी आजार सांगायचा. आणि पन्नाशीच्या आसपास दोन्ही पापण्या हळूहळू उतरणं आणि घास रेंगाळणं, शिवाय आई-वडिलांपैकी कुणाचं तसंच, असं असेल तर स्नायूंचा एक आनुवंशिक आजारही असतो. विरळा आहे, पण घरातले जुने फोटो काढून पापण्या बघायला मी पेशंटना सांगायचो.

वाटी_चमचा
मी स्वयंपाकघरातून लिहिते. सासऱ्यांना पक्षाघातानंतर पातळ बंद केलं होतं. 'घट्ट करून द्या' एवढंच सांगून मोकळे झाले सगळे. किती घट्ट? मग थेरपिस्टने सिरिंजची युक्ती दाखवली. दहा मिलीची सिरिंज, सुई नाही. खालून बोट लावून दहापर्यंत भरायची, बोट काढून दहा सेकंद मोजायचे. सगळं गळून गेलं तर ते पाण्याइतकंच पातळ. एक ते चार मिली उरलं तर किंचित घट्ट, चार ते आठ उरलं तर त्याच्या पुढची पायरी, आठच्या वर उरलं तर मध्यम घट्ट. जगभर हीच मोजपट्टी वापरतात. आमच्याकडे ताक, टोमॅटोचं सार, नाचणीचं सत्त्व सगळं सिरिंजमधून गेलंय. मुलांना वाटायचं आजोबांच्या ताकाला इंजेक्शन देतात.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाच्या पिठाने आणलेला घट्टपणा लाळेने तोंडातच पातळ होतो. झँथन गमच्या पावडरीचा टिकतो. आणि आइस्क्रीम, कुल्फी, जेली बशीत घट्ट दिसतात पण घशाशी पोचेपर्यंत पाणी झालेलं असतं.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन पोताचे पदार्थ. मिसळ, दुधातले पोहे, चहात बुडवलेलं बिस्किट, पाणीपुरी. पाणी आधी पळतं, चोथा तोंडात राहतो आणि घशाला कळत नाही कुणाला आधी घ्यायचं.

शिवडी_नाका
पाणीपुरीविना जगायचं कशासाठी हा प्रश्न मी इथे नोंदवून ठेवतो.

परळ_व्हिलेज
@वाटी_चमचा यांच्याशी थोडा असहमत. घट्ट पाण्याचा माझ्या काकांना इतका तिटकारा आला की त्यांनी पिणंच सोडलं. ओठ सुकले, लघवी कमी, शेवटी सलाईन. छातीत पाणी जाऊ नये म्हणून माणूस कोरडा करून ठेवायचा का? आमच्या थेरपिस्टने मग वेगळा मार्ग काढला. जेवणासोबत घट्ट, पण दोन जेवणांच्या मधे, दात-जीभ स्वच्छ घासून, ताठ बसवून साधं पाणी छोट्या घोटांनी. अमेरिकेतल्या फ्रेझर नावाच्या पुनर्वसन केंद्रातून ही पद्धत आली म्हणे. छातीत जरासं स्वच्छ पाणी गेलं तर शरीर ते निभावतं, तोंडातले जंतू आणि अन्नकण गेले तर न्यूमोनिया, असा विचार.

वाटी_चमचा
पटतं. सासऱ्यांनीही घट्ट चहा भिंतीवर भिरकावला होता एकदा. पण तुमच्या काकांना खोकता येत होतं ना? आणि चालते-फिरते होते? अंथरुणाला खिळलेल्याला मी हे आपल्या जबाबदारीवर करणार नाही.

परळ_व्हिलेज
हो, चालते होते. ते त्यांनीही विचारलं होतं आधी.

मुलुंड_पूर्व
दोघंही बरोबर. तोंड स्वच्छ ठेवणं मात्र दोन्हीकडे समान. कवळी रात्री काढून धुवायची, जेवल्यावर गालात राहिलेलं बोटाने काढायचं. जेवण ताठ बसून, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. टीव्ही बंद. आमच्याकडे हे शेवटचंच सगळ्यात अवघड गेलं, कारण सातच्या मालिकेशिवाय बाबांना घास उतरत नाही.

बोरिवलीचा_बाळ्या
हे सगळं सांभाळायचं झालं, स्नायू परत दणकट करायचा व्यायाम असतो का? जिम लावल्यासारखा?

निवृत्त_घसेवाला
असतो. शेकर नावाच्या डॉक्टरांचा व्यायाम प्रसिद्ध आहे. उताणं झोपायचं, उशी नाही, खांदे जमिनीलाच ठेवून फक्त डोकं उचलून पायाची बोटं बघायची. एक मिनिट धरायचं, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा. मग ३० वेळा नुसतं उचल-ठेव. दिवसातून तीनदा, सहा आठवडे. याने हनुवटीखालचे, ते फाटक खेचणारे स्नायू बळकट होतात. मानेचा स्पाँडिलायसिस असलेल्यांनी परस्पर करू नये, त्यांच्यासाठी हनुवटीखाली मऊ चेंडू दाबायचा बसून करायचा प्रकार आहे. मायस्थेनियावाल्यांनी तर स्नायू दमवायचे नाहीतच. म्हणून आधी कारण, मग व्यायाम.

फाटकच आखडलं असेल तर फुग्याने ताणणं, बोटॉक्स, किंवा तो स्नायू कापून सैल करण्याचं ऑपरेशन असतं. तिथेच वर घशाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून कधी एक पिशवी तयार होते. रात्री पडल्यावर दुपारचा भात तोंडात येतो, श्वासाला वास येतो. उतारवयात असं काही झालं तर तेही सांगा.

टाटाच्या_समोर
गळ्याला रेडिएशन घेतलेल्यांसाठीही एक ओळ. मला गिळण्याचे व्यायाम रेडिएशन सुरू व्हायच्या आधीच शिकवले होते. तेव्हा वाटलं, चांगलं तर गिळतोय मी, कशाला? नंतर घसा लाकडासारखा झाला तेव्हा समजलं. कंटाळा करू नका, दुखलं तरी रोज थोडं गिळत राहा. नाकात नळी असली तरी थेरपिस्टने परवानगी दिलेली असेल तेवढं तोंडानेही घेत राहा, वापरला नाही तर घसा विसरतो.

मुलुंड_पूर्व
@चिंचपोकळीची_लेक, कुठे जायचं ते राहिलंच. मुंबई सेंट्रलला नायरमध्ये वाणी आणि श्रवणाचा विभाग आहे, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. मोठ्या खाजगी रुग्णालयांतही गिळण्याचे थेरपिस्ट असतात. आधी फोन करून 'गिळण्याची तपासणी कोणत्या वारी होते' असंच विचारा. नुसतं स्पीच म्हणालात तर लहान मुलांच्या रांगेत बसवतील.

चिंचपोकळीची_लेक
सगळ्यांचे आभार. गिळण्याची तपासणी झाली. नाकातून दुर्बीण घालून पाणी, दही आणि बिस्किट दिलं. गिळायला सुरुवातच उशिरा होते आहे, आणि गिळून झाल्यावरही घशाच्या खाचांत बरंच उरतं. ओला आवाज त्यामुळे. पाण्याच्या मोठ्या घोटातलं थोडं आत उतरलं आणि आईला दोन-तीन सेकंदांनी खोकला आला. हनुवटी खाली घेऊन चमच्याने पाजलं तेव्हा नाही उतरलं. म्हणून सध्या घट्ट पाणी नाही. छोटे घोट, हनुवटी खाली, आणि प्रत्येक घासानंतर एकदा रिकामं गिळायचं. पेल्याऐवजी कापलेल्या कडेचा कप दिलाय, नाक आडवं येत नाही त्यामुळे मान मागे टाकावी लागत नाही.

कळ्यांचं थेरपिस्टना सांगितलं. त्यांनी आईला हाताची बोटं उघड-मीट करायला लावली, चालवून पाहिलं आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी दिली. डॉक्टर पुढच्या आठवड्यात. @मुलुंड_पूर्व, भीती वाटते आहे, पण नुसतं 'वय झालं' ऐकण्यापेक्षा हे बरं. पित्ताच्या गोळ्यांचं काय करायचं तेही त्यांनाच विचारेन.

मुलुंड_पूर्व
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. जाताना आईंच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. आणि एक आत्ताच. गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून देऊ नका, विचारल्याशिवाय. बाबांची एक गोळी हळूहळू विरघळणारी होती, आम्ही ती कुटत होतो, सगळं औषध एकदम अंगात जायचं.

वाटी_चमचा
गोळी पाण्याऐवजी चमचाभर सफरचंदाच्या गरात ठेवून द्या. सासऱ्यांना तशी सहज जायची. दह्यात देण्याआधी विचारा, काही औषधांना दूध-दही चालत नाही.

चिंचपोकळीची_लेक
गर करून बघते. आईचा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे. उकडीचा मोदक चालेल का, एवढंच तिला कळायला हवंय.

निवृत्त_घसेवाला
उकड चिकट, सारण मोकळं, म्हणजे दोन पोताचा पदार्थ. इथून हो म्हणणार नाही. पुढच्या भेटीला एक मोदक तूप घालून सोबत न्या आणि थेरपिस्टसमोर खायला द्या. घरचं खाणं घेऊन या असं त्या स्वतःच सांगतात बऱ्याचदा.

बंडू_गिरगावकर
एक? थेरपिस्टबाईंसमोर एक मोदक? किमान पाच न्या हो.